वाचता न येणाऱ्या पाट्या

ज्या गावात आपला जन्म गेला, त्या गावाचे आपण प्रवासी होऊ शकत नाही. रस्ते पायांना पाठ असतात, दुकानदार आवाजावरून ओळखतात, आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न मनात उद्भवतही नाही. हुबळी-धारवाडकरांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट विशेष खरी आहे. भाजीवालीशी कन्नड, रिक्षावाल्याशी दखनी, शेजारच्या सारस्वत बिऱ्हाडाशी अर्धीमुर्धी कोंकणी, देवघरात मराठी, असा आमचा दिवस सरतो. आणि रात्री कोणी विचारले की आज किती भाषा बोललात, तर आठवून सांगावे लागेल. पाहुणा आला म्हणजे मात्र हे सारे एकदम डोळ्यांपुढे येते. तो थबकतो तेथे आपणही थबकतो, आणि रोजच्या वाटेवर इतके उंबरठे होते हे प्रथमच ध्यानात येते.

गेल्या जानेवारीत आमचे पुण्याचे व्याही चार दिवसांसाठी आले होते. आमची मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्याची मुभा मला कितपत असणार, हे वाचकांनी समजून घ्यावे. गृहस्थ चौकस, वाचनाचा नाद असलेले, निवृत्तीनंतर प्रवासाचे वेड घेतलेले. आदल्या वर्षीच ते एका सहल कंपनीबरोबर व्हिएतनामला जाऊन आले होते. पुणे-हुबळी 'वंदे भारत' गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिने ते आले. आमच्या स्थानकाचा १५०७ मीटरचा फलाट जगातला सर्वांत लांब आहे, हे त्यांनी आधीच वाचून ठेवले होते. तो सारा चालावा लागतो की काय, या काळजीने त्यांनी सामान उचलणाऱ्या माणसाला हिंदीत प्रश्न केला. त्याने तो ऐकला, क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, ''नाही काका, जिना इथंच आहे. पुण्याहून आलात न्हवं?'' 

व्याह्यांना याचा फार आनंद झाला. घरी पोहोचेपर्यंत तीनदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. हुबळीत हे नित्याचेच आहे. येथील रिक्षावाला, फळवाला, कापडवाला समोरच्याचे पहिले वाक्य फक्त ऐकतो; दुसरे वाक्य त्याने कोणत्या भाषेत बोलायचे ते तेवढ्यात ठरलेले असते. हिंदी बोलणाऱ्याच्या हिंदीतला पुणेरी हेल पकडायला त्याला अर्धा क्षण पुरतो. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. मुंबई इलाख्याच्या दिवसांपासून गदग, बेळगाव, सोलापूर, गोवा असे चहूंकडचे रस्ते आणि लोहमार्ग जेथे एकत्र येतात, त्या पेठेत ती वाढली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्गदबैलात गेलो. नाव ऐकून व्याही म्हणाले, ''दुर्गेचा बैल म्हणजे नंदी असणार. देऊळ कुठे आहे?'' देऊळही नाही आणि बैलही नाही. कन्नडमध्ये बैल म्हणजे मोकळी जागा, मैदान. दुर्गद बैल म्हणजे किल्ल्यापुढचे मैदान. किल्लाही आता दिसत नाही आणि मैदानही उरले नाही. उरली आहे ती गर्दी. संध्याकाळी तेथे गिरमिट आणि मिरची भजी यांच्या गाड्यांभोवती जी झुंबड उडते, तीत पाहुण्याचा हात सुटला तर तो पुन्हा चहाच्या वेळेलाच सापडायचा. त्या गर्दीतून दुचाक्या वाट काढीत होत्या. व्याही मात्र निर्धास्तपणे, एका चालीने रस्ता ओलांडून पलीकडे गेले. ''हनोईत शिकलो,'' ते म्हणाले. ''थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं फिरायचं नाही. आपण एका गतीनं चालत राहिलं की गाड्या आपल्या बाजूनं वाहून जातात.'' 

तेथल्या जुन्या शहराचे वर्णन त्यांनी मोठ्या रसाने केले. छत्तीस रस्त्यांचे शहर म्हणतात त्याला. चांदीवाल्यांचा रस्ता निराळा, कागदाच्या वस्तूंचा निराळा, आणि रस्त्याचे नाव मालावरून. पाट्या सगळ्या रोमन अक्षरांत, वरखाली चिन्हे लावलेल्या. सतराव्या शतकात आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी ती लेखनपद्धती बसवली, पुढे फ्रेंच अमदानीत ती रुजली आणि आता तीच त्या देशाची लिपी आहे. ''प्रत्येक पाटी वाचता येत होती,'' व्याही म्हणाले, ''आणि एकीचाही अर्थ लागत नव्हता.'' 

मी मान वर करून दुर्गदबैलातल्या पाट्या पाहिल्या. आम्ही उभे होतो त्याच्या समोर एका माडीवर मोठ्या कन्नड अक्षरांत 'दवाखाने' असे लिहिले होते. त्याच्या शेजारी 'खानावळी'. पलीकडच्या बोळाच्या तोंडाशी गल्लीचे नाव, आणि त्या नावात 'गल्ली' हाच शब्द. व्याह्यांना यांतले एकही अक्षर वाचता येत नव्हते. कोणी मोठ्याने वाचून दाखवले असते तर निम्म्या पाट्या समजल्या असत्या. हनोईच्या अगदी उलट. मी तसे बोलून दाखवले. त्यांनी 'असं का?' म्हटले आणि विषय बदलला, कारण तेवढ्यात त्यांच्या मनात दुसरेच काही चालले होते. या पाट्या त्यांना बोचत होत्या. कर्नाटकाने २०२४ मध्ये कायदा दुरुस्त करून पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे केले, हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्राने २०२२ साली दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायदा कडक केला, तेव्हा याच गृहस्थांनी वर्तमानपत्राला अभिनंदनाचे पत्र लिहिले होते. ते मी वाचले होते. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचे काम मी त्यांच्यावरच सोपवले.

हनोईत कोणालाही मराठी येत नाही याचे त्यांना तिळमात्र वाईट वाटले नव्हते. तेथे त्यांची काही अपेक्षाच नव्हती. हाताच्या खुणा, बोटांवरचे आकडे आणि हसू एवढ्यावर आठ दिवस निभले. महाराष्ट्राची हद्द येथून मोटारीने तीन तासांवर. एवढ्या जवळ आल्यावर मात्र कोणी कन्नडमध्ये उत्तर दिले की त्यांचा चेहरा उतरे. दूरच्या माणसाने आपली भाषा न बोलणे ही साधी वस्तुस्थिती असते. शेजाऱ्याने न बोलणे हा अपमान वाटू लागतो.

दुर्गदबैलाजवळच एक कापडाचे दुकान आहे. पंचे, टॉवेल, चादरी मी तेथूनच नेतो. वीस वर्षे तरी झाली असतील. दुकानदार माझ्याहून काही वर्षांनी लहान. घरचे कन्नड, आमचे बोलणे पहिल्या दिवसापासून मराठीत. कोणी तसे ठरवले नव्हते. त्यांच्या आजोबांच्या वेळच्या मोडीतल्या चोपड्या कपाटावर फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत. त्या आज घरात कोणालाही वाचता येत नाहीत. मी त्या व्याह्यांना दाखवाव्यात म्हणून विनंती केली. दुकानदाराने शिडी लावून स्वतः खाली काढल्या, धूळ झटकली, चहा मागवला, आणि सोलापूरच्या पेढ्यांशी आजोबांचा व्यवहार कसा चाले हे उत्तम मराठीत सांगितले. व्याही भारावून गेले. आणि भरल्या मनाने म्हणाले, ''अहो, इतकं शुद्ध मराठी! म्हणजे मुळात हे गाव आमचंच की हो. उगीच इकडं गेलं.'' 

त्यांच्या मनात कोणाला दुखवण्याचे नव्हते. ते कौतुकच होते. पण दुकानदाराने चोपडीची गाठ पुन्हा बांधायला घेतली, ती बांधून होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, ''काका, गिऱ्हाइकाची भाषा ती आमच्या दुकानाची भाषा. तमिळ माणूस आला तर दोन शब्द तमिळही बोलतो. म्हणून गाव तमिळांचं होत नाही.'' आणि माझ्याकडे वळून त्याने विचारले की टॉवेल बांधून देऊ का. हे त्याने कन्नडमध्ये विचारले. वीस वर्षांत प्रथमच. 

हे मी विस्ताराने सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्या मराठी माणसाला ते दिसत नाही. तो चार दिवसांनी निघून जातो. त्याचे वाक्य येथेच राहते आणि आम्हीही येथेच राहतो. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडे एका बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस हद्दीवरून परतल्या. त्या आठवड्यात आमच्या धारवाडच्या बाजारात कोणी मला वावगा शब्द बोलले नाही. पण मी फोनवर मुलीशी बोलताना आवाज थोडा खाली आणतो आहे, हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले. पुण्यात किंवा मुंबईत एखादे आवेशाचे भाषण झाले की त्याचा हिशेब आमच्यासारख्यांच्या खात्यावर मांडला जातो. मांडणारा वाईट असतो असे नाही.

रात्री जेवणानंतर व्याह्यांनी स्वतःच विषय काढला. ''मी काही चुकीचं बोललो का?'' मुलीच्या सासऱ्यांना हो कसे म्हणावे! मी त्यांना गावाचा थोडा इतिहास सांगितला. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या या कन्नड जिल्ह्यांत सरकारी शाळा निघाल्या, त्यांत मराठीचाच बोलबाला होता. कन्नड घरांतली मुले मराठी पुस्तकांतून अक्षरे गिरवीत. शिक्षण खात्यात अधिकारी असलेले डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी आयुष्य वेचले. सरकारी चाकरीत राहून, टिपणे आणि अहवाल लिहून जे करता येते ते सारे केले. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. पुढे १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. त्याच्या संस्थापकांचे नाव रा. ह. देशपांडे. हे आडनाव ऐकून व्याही चमकले. तेव्हा दुकानदाराच्या आजोबांना मराठी आले ते काही आपल्या भाषेवरच्या प्रेमाने आले असे नव्हे. राज्यकारभाराची आणि पेठेची ती गरज होती. १९५६ च्या नोव्हेंबरात ती गरज संपली, तरी नातवाने ती भाषा टाकली नाही. पाहुण्याला पाट द्यावा तशी तो ती पुढे करतो. ज्याला पाट मिळाला त्याने घरच्या सातबाऱ्याची चौकशी करू नये, इतकेच. हे शेवटचे वाक्य अर्थात मी मनातल्या मनात म्हटले.

तिसरा दिवस धारवाडचा. व्याह्यांना दोन घरे पाहायची होती, बेंद्र्यांचे आणि जी. ए. कुलकर्ण्यांचे. साधनकेरीचा रस्ता ठाऊक असूनही मी त्यांनाच विचारू दिले. त्यांनी पेरू विकणाऱ्या एका बाईला नुसते ''बेंद्रे?'' असे विचारले. ती म्हणाली, ''बेंद्रे अज्जार मनी?'' आणि हातातला तराजू खाली ठेवून रस्त्याच्या वळणापर्यंत आमच्याबरोबर आली. अज्जा म्हणजे आजोबा. १९८१ साली वारलेला कवी पेरूवालीचा आजोबा असावा, याचे व्याह्यांना नवल वाटले. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कविता केली ती कन्नडमध्ये, आणि तीही धारवाडच्या हाटाबाजारातल्या कन्नडमध्ये. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. 

जी. एं.च्या घराची चौकशी एवढी सोपी गेली नाही. चार जणांनी मान हलवली. पाचवे एक निवृत्त गृहस्थ दारात वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ''कुलकर्णी सर? इंग्लिशचे? हो हो, आम्हांला होते की.'' त्यांनी आत बोलावून पाणी दिले. पण सर कथा लिहीत आणि त्याही मराठीत, हे त्यांना नव्याने कळले. त्यांनी मला कन्नडमध्ये हळूच विचारले, ''मोठे लेखक होते काय?'' मी सांगितले की १९७३ सालचाच साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'काजळमाये'ला मिळाला आणि तो त्यांनी परत केला. यावर त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. पुरस्कार परत करणारा मास्तर आपल्याला शिकवायला होता, याचा त्यांना लेखनाहून अधिक अभिमान वाटला असावा. व्याही वाटेत हळहळत होते: इतकी वर्षे येथे राहून गावाला पत्ता नाही! मला तसे वाईट वाटले नाही. ज्या माणसाला लोकांच्या नजरा नकोशा होत्या, त्याला त्याच्या गावाने हवे ते दिले.

त्या दुपारी हुबळीला परतण्यासाठी आम्ही बसची वाट पाहत बाकावर बसलो होतो. इरकली लुगडे नेसलेली एक वृद्ध बाई आली, तिने व्याह्यांकडे पाहिले आणि विचारले, ''ऊट आतेन्री?'' व्याही ताडकन उठून उभे राहिले. त्यांना वाटले, ती 'ऊठ' म्हणते आहे. बाई गोंधळली, तिने त्यांना हाताला धरून पुन्हा बसवले आणि माझ्याकडे पाहून हसू लागली. ऊट म्हणजे जेवण. 'जेवण झाले का?' एवढाच प्रश्न तिने केला होता; आमच्याकडे अनोळखी माणसाशीही बोलायला सुरुवात करण्याची ती रीत आहे. मी अर्थ सांगताच व्याही मोठ्याने हसले, आणि मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाले, ''अहो, हनोईत हॉटेलची बाई रोज सकाळी हेच विचारायची. आमच्या वाटाड्यानं सांगितलं होतं, भात खाल्ला का, असं विचारतात ते लोक. तिथं मला फार गोड वाटलं होतं.'' 

बाईला त्यांनी, माझ्याकडून शब्द घेऊन, ''आत्री,'' असे उत्तर दिले. झाले. पुढे बस येईपर्यंत ती त्यांच्याशी अखंड बोलत राहिली. हुबळीला सिद्धारूढ मठात निघाली होती. मधूनमधून तिने मूळच्या कन्नड वाक्यांत आपल्या मते मराठी असलेले शब्द घातले, व्याह्यांनी आपल्या मते कन्नड असलेले. दोघांचा बराचसा अंदाज चुकीचा होता. अण्णा, अक्का, तूप हे आपण रोज उच्चारतो ते शब्द कन्नडही आहेत, हे मी सांगायला गेलो. पण त्यांना माझी गरज उरली नव्हती.

जेवणाचे म्हणाल तर शेवटच्या रात्री त्यांना हुबळीच्या सावजी खानावळीत नेले. नागपूरच्या सावजीचा त्यांना अनुभव होता. तोच प्रकार असेल अशी त्यांची समजूत. नाव एक, विणकरांची परंपरा दोन्हीकडे, पण समाज निराळे आणि रश्श्याची चवही निराळी. येथले सावजी म्हणजे सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे लोक. त्यांची घरची बोली गुजराती-मराठीच्या सीमेवर कोठेतरी बसणारी. मालक गल्ल्यावर बसून आतल्या बायकांशी त्या बोलीत, वाढप्याशी कन्नडमध्ये, मटण घेऊन आलेल्या माणसाशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. व्याही बोटे चाटीत हे सारे ऐकत होते. या वेळी त्यांनी 'हे गाव कोणाचे' असा प्रश्न काढला नाही. मालकाचा मुलगा पैसे घ्यायला आला तो मात्र आमच्याशी हिंदीत बोलला. बापाने मराठीत काहीतरी सुचवले, त्यावर तो ओशाळून हसला आणि 'ओके अंकल' म्हणाला.

मला काळजी वाटते ती या पोराची. तो शत्रुत्वाने मराठी सोडीत नाही. त्याला तिची गरज नाही, आणि हौस वाटावी असे काही त्याच्या कानांवर पडत नाही. त्याच्या पिढीला मराठी ऐकू येते ती बहुधा दूरदर्शनवरच्या बातम्यांत, दगडफेकीच्या चित्राखाली. आम्ही हुबळी-धारवाडचे मराठी लोक व्याख्यानमाला चालवतो, कोजागिरी करतो, ग्रंथालयाची वर्गणी भरतो, ते करावेच. पण ही भाषा येथे शतकभर तगली ती मुख्यतः ज्यांची ती नव्हती त्यांच्या जिभेवर, आणि त्यांनी ती बोलावी असे त्यांना कोणी बजावले नव्हते म्हणून. 

निघायच्या दिवशी सकाळी व्याह्यांनी कागद पुढे केला आणि कन्नड मुळाक्षरे लिहून मागितली. क, ख, ग, घ हा क्रम तोच आहे, हे पाहून ते म्हणाले, ''मग अवघड काय आहे?'' अवघड जोडाक्षरे आहेत, ते मी सांगितले नाही. स्थानकाच्या वाटेवर रिक्षात त्यांनी तो कागद गुडघ्यावर धरला होता आणि पाट्यांशी त्यांची झटापट चालली होती. रिक्षा वेगात, अक्षरे सुटत होती. चन्नम्मा चौकात गर्दीने रिक्षा अडली तेव्हा एक पाटी त्यांच्या तावडीत सापडली. ''द… वा… खा… ने,'' त्यांनी वाचले. ''अहो, हा तर दवाखाना!'' रिक्षावाल्याने आरशातून पाहिले आणि काळजीने विचारले, ''क्या हुआ साब, तबियत ठीक नहीं?'' 

आठ-दहा दिवसांनी मी पंचे आणायला दुर्गदबैलात गेलो. खरे तर पंचे घरात होते. दुकानदाराने नेहमीसारखी खुर्ची पुढे केली आणि विचारले, ''बीगरु होद्रेन्री?'' व्याही गेले का? मीही कन्नडमध्येच सांगितले की गेले, सुखरूप पोहोचले, आणि मोडीच्या चोपड्यांची आठवण काढीत होते. पुण्यात मोडी वाचणारा कोणी शोधतो म्हणाले. तो काही बोलला नाही. समोर पंचांचा गठ्ठा सोडला. मी एक निवडला आणि, वीस वर्षांच्या सवयीने, ''केवढ्याला?'' असे विचारले. 

त्याने भाव मराठीत सांगितला.